शरीर राखणे हेही संघटनेचेच काम

(करोल बाग, दिल्ली येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या सभेत पगार, भत्ते, पेन्शन, बदल्या आणि रिक्त जागा हे विषय नेहमीचेच. आज आम्ही वेगळा विषय घेतला आहे. व्यायामाची सुरुवात कशी करावी, हा तो विषय. युनियन आता जोर-बैठका काढायला लावणार की काय, असे मागच्या रांगेतून कोणी म्हणाले. होय, लावणार. पण आधी कारण ऐकून घ्या.

कामगाराजवळ भांडवल एकच, ते म्हणजे त्याचे शरीर. रेल्वेत ही गोष्ट कागदावरच लिहिलेली असते. लोको पायलटची मेडिकल पंचेचाळिशीनंतर दर दोन वर्षांनी आणि पंचावन्ननंतर दरवर्षी होते. रक्तदाब, साखर, डोळे, हृदय यांपैकी कशातही कमी पडले की इंजिनावरून खाली उतरावे लागते. नोकरी आणि पगार राखण्याचे नियम आहेत, ते ठाऊक असलेच पाहिजेत. पण गेलेली तब्येत कोणताही नियम परत आणून देत नाही.

आता कोणी म्हणेल, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला आणखी व्यायाम कशाला? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच कामाच्या अभ्यासातून मिळालेले आहे. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सुमारे ३१,००० बस, ट्राम आणि ट्रॉलीबस कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. डबलडेकर बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून असे, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांत जास्त आणि कंडक्टरांत कमी आढळले. त्याच पाहणीत टपाल खातेही होते. पायी आणि सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन हे बसून काम करणारे कारकून आणि टेलिफोन ऑपरेटर यांच्यापेक्षा हृदयाने सुरक्षित दिसले. पुढे १९६२ साली अमेरिकेतील रेल्वे कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही रुळांवर काम करणाऱ्या गँगमनपेक्षा टेबलावरच्या कारकुनांत हृदयविकाराचे मृत्यू जास्त होते.

म्हणजे जो हातपाय हलवतो तो वाचतो, ही पहिली गोष्ट. पण यावरून आपला ट्रॅकमन आणि पोस्टमन निर्धास्त राहिला तर तेही बरोबर नाही. २०१८ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा असे दिसले की फार जड अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण उलट जास्त आहे. याचे कारण आपल्याला समजायला डॉक्टर नको. ओझे उचलणे, तासन् तास उभे राहणे, उन्हात वाकून काम करणे यात हृदयाला विश्रांती मिळत नाही आणि गती आपल्या हातात नसते. व्यायामात ती असते. आपण ठरवतो केव्हा सुरू करायचे, किती करायचे आणि कुठे थांबायचे. म्हणून राबणे आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पक्के लक्षात ठेवा.

मग सुरुवात कशी करायची? नव्या माणसाची चूक एकच असते. तो पहिल्याच दिवशी फार करतो. एक तारखेला पाच किलोमीटर धावतो, दोन तारखेला गुडघा धरून बसतो आणि तीन तारखेला सगळे सोडून देतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, पहिले दोन आठवडे रोज फक्त दहा मिनिटे चाला. चाल अशी हवी की शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात पंधरा ते वीस मिनिटे करा. असे वाढवत वाढवत दोन-तीन महिन्यांत आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास गाठा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचे प्रमाण सांगितले आहे, ते याच हिशेबाने पुरे होते. ही मिनिटे एका दमात झाली पाहिजेत असेही नाही. पाच मिनिटे सकाळी, दहा मिनिटे संध्याकाळी, सगळी जमेस धरली जातात.

चालण्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचे काम हवे. त्यासाठी फी भरून जिममध्ये जायची गरज नाही. भिंतीला हात टेकून दहा जोर काढा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. कठड्याला धरून टाचा दहा वेळा उचला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रचार केला, ते तर आपल्या घरचेच आहेत आणि त्यांना सतरंजीइतकी जागा पुरते. सुरुवातीला दोनच घाला, हळूहळू वाढवा. पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असेल तर विचारून मगच घाला.

काही पथ्येही आहेत. वय चाळिशीपुढे असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल, तर आपल्या खात्याच्या दवाखान्यात आधी तपासून घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने खिशात साखर वा गोळ्या ठेवाव्यात. चालताना छातीत दाब आला, दुखणे हातात किंवा जबड्यात गेले, दरदरून घाम किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. 'गॅस झाला असेल' म्हणून घरी जाऊन पडू नका.

आता दिल्लीचे बघू. पुण्या-नागपुराकडून बदलीवर आलेल्या माणसाला इथली हवा मानवत नाही, ही तक्रार खरी आहे. मे-जूनमध्ये उन्हाचा पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, तेव्हा पहाटेच चालावे आणि पाणी पिऊन निघावे. दिवाळीच्या सुमारास आणि थंडीत धुरके दाटते, तेव्हा हवेचा निर्देशांक वाईट असेल त्या दिवशी बाहेर पडू नये. त्या दिवशी घरातच सूर्यनमस्कार आणि उठाबशा कराव्यात. एरवी करोल बागेत जागेची वाण नाही. अजमल खान पार्क आपल्या हाताशी आहे. सोमवारी बाजार बंद असतो, तेव्हा सकाळी गल्ल्याही मोकळ्या मिळतात.

ज्या हकीम अजमल खानांचे नाव या बागेला आहे, त्यांच्या इथल्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १९२१ साली गांधीजींनी केले. त्याच गांधीजींनी १९३० साली, वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर, साबरमती ते दांडी हे सुमारे ३८५ किलोमीटरचे अंतर चोवीस दिवसांत पायी कापले. ते काही एका दिवसात जमले नव्हते, त्यामागे आयुष्यभराची रोज चालण्याची सवय होती. पन्नाशी उलटली, आता काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आणखी एक सांगतो. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये मध्य रेल्वेचे तिकीट तपासनीस, कोल्हापूर जिल्ह्याचे स्वप्निल कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राला तो मान मिळाला. आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण आजचे हे बोलणे पदकासाठी नाही. ओव्हरब्रिजचा जिना चढताना ज्याला मध्येच कठडा धरून उभे राहावे लागते, त्या आपल्या भावासाठी हे बोलणे आहे. आणि घरचे, ऑफिसचे दोन्ही ओझे उचलून स्वतःसाठी पंधरा मिनिटे न मिळणाऱ्या आपल्या बहिणींसाठी तर ते विशेषच आहे. ती पंधरा मिनिटे तिला मिळावीत म्हणून घरातल्या पुरुषाने तेवढा वेळ चूल आणि मुले सांभाळावीत. सभेत समतेचे बोलतो तर घरात तेवढे करावेच लागेल.

एकट्याने केलेली सुरुवात पहिल्या नाइट ड्यूटीला मोडते. म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक शाखेने चार-पाच जणांचे गट करावेत. गट रोस्टर पाहून करावेत, म्हणजे एकाच पाळीचे लोक एकत्र येतील. रात्रपाळी करून आलेल्याने आधी झोप घ्यावी, व्यायाम नंतर करावा. झोप मोडून केलेला व्यायाम हा व्यायाम नव्हे. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी यावे, दंड म्हणून दुप्पट करू नये. आला नाही त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी. संपाच्या वेळी आपण हेच करतो.

शेवटी मुख्य मुद्दा. हे सगळे ऐकून प्रशासन उद्या म्हणेल, तुमची तब्येत तुम्हीच बिघडवली, व्यायाम केला नाही. असे आम्ही म्हणू देणार नाही. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या रेल्वे संपाच्या मागण्यांत आठ तासांच्या कामाची मागणी होती. ती कशासाठी होती? माणसाला झोपायला, मुलांशी बोलायला आणि शरीर राखायला वेळ मिळावा यासाठीच होती. रिक्त जागा भरल्या नाहीत, साप्ताहिक सुट्टी कापली, बीट वाढवली, रनिंग रूममध्ये शांत झोप मिळाली नाही, तर कितीही सूर्यनमस्कार घातले तरी ते भरून निघणार नाही. म्हणून दोन्ही कामे बरोबरच चालली पाहिजेत. विश्रांतीचे तास मागायचे ते संघटनेने एकजुटीने मागायचे, आणि मिळालेल्या तासातली दहा मिनिटे शरीराला द्यायची ती प्रत्येकाने स्वतः द्यायची.

उद्या सकाळी ज्यांना ड्यूटी नाही त्यांनी सहा वाजता अजमल खान पार्कच्या फाटकाशी यावे. फक्त दहा मिनिटे चालायचे आहे. साधे बूट घालून या, आणि शेजाऱ्याला बरोबर आणा.

कामगार एकजुटीचा विजय असो!