आखाडा आणि रुपेरी पडदा

अमरावतीस 1914 साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या आणि 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केलेल्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर, किंवा अकोल्याच्या एखाद्या तालमीत, ज्याने दंड, बैठका, मल्लखांब आणि दांडपट्टा यांची मेहनत केली, त्याचे शरीर सामर्थ्यासाठी घडलेले असते, प्रदर्शनासाठी नव्हे.

चित्रपटात मात्र हा दस्तूर पालटतो. आखाड्यात डाव लागावा लागतो. पडद्यावर तो लागल्यासारखा दिसावा लागतो, म्हणून कॅमेऱ्याच्या कोनाचा हिशेब राखून मूठ प्रतिस्पर्ध्याच्या मुखापासून थोड्या अंतरावर आवरणे, आणि एकच उडी पुनःपुन्हा त्याच आवेशाने मारणे, हे नवे कसब आत्मसात करावे लागते. खुराकही बदलतो. दूध, तूप व बदाम यांनी पोसलेल्या भरदार देहाऐवजी चरबी घटवून स्नायूंच्या रेषा उठावदार केल्या जातात, आणि चित्रणापूर्वी कित्येकदा पाणीही तोडले जाते. त्याने रूप खुलते, परंतु दम उणावतो.

मूकपटांतील साहसदृश्यांनी कीर्ती मिळविलेले मास्टर विठ्ठल 1931 साली ‘आलम आरा’ या बोलपटाचे नायक झाले, तेव्हा चपळाईच्या जोडीस संवादांचीही तालीम आवश्यक ठरली. मल्ल दारासिंग तर 1962 च्या ‘किंग काँग’ या चित्रपटानंतरही अनेक वर्षे कुस्ती लढत राहिले.

वऱ्हाडातील तरुणांनो, पडद्यावरील देह विशिष्ट दिवसापुरता सजविलेला असतो. त्याच्या अनुकरणार्थ पाणी तोडू नका, वस्तादांच्या देखरेखीखाली नित्य व्यायाम करा.