पाषाणाला प्राण देणारे हात
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मूर्तीपुढे हात जोडताना ती घडविणाऱ्या हातांचे स्मरण क्वचितच होते. प्राचीन इजिप्तमध्ये मूर्तिकाराला जे एक नाव होते, त्याचा अर्थच ‘जिवंत करणारा’ असा होता. त्या नावामागे मोठी साधना होती.

तेथील कारागीर प्रथम पाषाणाच्या चौकोनी ठोकळ्याच्या बाजूंवर आकृती रेखाटीत. उभ्या आकृतीसाठी पुढे तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोनांचे प्रमाण रूढ झाले. मग चहूबाजूंनी थोडा थोडा दगड काढला जाई. रेषा नाहीशा झाल्या की त्या पुन्हा आखाव्या लागत. गिझा येथे सापडलेल्या राजा मेनकौरेच्या अर्धवट लहान मूर्तींत या कामाच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. मऊ चुनखडीवर तांब्याची छिन्नी चाले. ग्रॅनाइटपुढे ती निष्प्रभ ठरे. तेथे डोलेराइट या कठीण पाषाणाचे गोळे आपटून पृष्ठभाग चुरावा आणि वाळूने घासून गुळगुळीत करावा लागे.

आस्वानच्या खाणीत सुमारे ४२ मीटर लांबीचा एक स्तंभ आजही आडवा पडून आहे. त्याचा तळ खडकापासून सुटण्यापूर्वीच दगडात भेगा आढळल्या आणि असंख्य हातांचे श्रम तेथेच थांबले. पाषाण चुकीला क्षमा करीत नाही.

१९१२ साली लुडविग बोर्खार्ट यांना अमार्ना येथील एका कार्यशाळेत राणी नेफेर्तितीचे जगद्विख्यात अर्धशिल्प मिळाले. शिल्पावर कर्त्याचे नाव नाही. त्या आवारात सापडलेल्या घोड्याच्या हस्तिदंती झापडीवर थुतमोस या मूर्तिकाराचे नाव कोरलेले होते; तेवढ्यावरून कर्त्याचा माग लागला.

मूर्ती पूर्ण झाल्यावर ‘मुख उघडण्याचा’ विधी होई. मूर्तीने श्वास घ्यावा, अन्न स्वीकारावे, ही त्यामागील श्रद्धा. आपल्याकडेही पंचकल्याणक प्रतिष्ठेनेच पाषाण पूज्य होतो; परंतु वीतराग प्रभूला काहीच घ्यावयाचे नसते. तेथे साधकाने आपले कषाय सोडावयाचे असतात. दोन परंपरांतील हा भेद मूलगामी आहे. मात्र शिल्पीची निष्ठा दोन्हीकडे सारखीच.

सुवर्णमहोत्सवी वर्षात दात्यांची नामावली संगमरवरावर कोरली जाते, ते योग्यच आहे. त्याच शिळेवर मूर्ती घडविणाऱ्या शिल्पीचे व पायरी रचणाऱ्या पाथरवटाचे नावही असावे. थुतमोसप्रमाणे त्यांचा शोध घोड्याच्या झापडीवरून घेण्याची वेळ पुढील पिढीवर येऊ नये.

जय जिनेंद्र!