मंडईतला बेंजो



भाऊबीज झाली की आपल्या भागात गावोगावी मंडई भरते. लेकी माहेरी आलेल्या असतात, पाळणे येतात, रात्री दंडार नाहीतर नाटक असतं. यंदा बपेऱ्याच्या मंडईत मला एक बेंजोवाला भेटला. साठीच्या पुढचा माणूस, भांड्यांच्या दुकानाशेजारी पोतं टाकून बसलेला. मांडीवर लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हातानं कळ दाबायची, उजव्या हातातल्या छोट्या पट्टीनं तार छेडायची. भजन म्हणा, सिनेमातलं जुनं गाणं म्हणा, सांगाल ते वाजवत होता.

मी विचारलं, "भाऊ, शिकलात कोणाजवळ?"

"मास्तर कुठचा बाई? कळांवरचे आकडे पाहू-पाहू शिकलो."

मैत्रिणींनो, हे वाद्य बनलंच होतं त्यासाठी. आणि ते आपल्याकडचं नाही, जपानचं आहे! जपानमध्ये 'कोतो' नावाचं 13 तारांचं मोठं, जुनं वाद्य आहे. ते शिकायला गुरू हवा आणि कितीतरी वर्षं हवीत. 1912 साली नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी लहानशा पेटीवर तारा ताणल्या आणि टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. कळांना आकडे दिले, गाणीही आकड्यांत लिहिली. आकडे वाचता आले की गाणं वाजवता यावं. त्याच वर्षी जपानमध्ये 'ताइशो' राजवट सुरू झाली, म्हणून नाव पडलं ताइशोगोतो.

पुढे समुद्रमार्गे ते आपल्या देशात आलं. इथं कोणी त्याला बुलबुल तरंग म्हणालं. बलुचिस्तानात ते बेंजू झालं, आपल्या महाराष्ट्रात बेंजो. अमेरिकेतला कातडं ताणलेला गोल बँजो वेगळा. मुंबईत आपल्या लोकांनी याला लाउडस्पीकर जोडला, गाडीवर चढवलं आणि गणपतीच्या मिरवणुकीत, वरातीत बेंजो पार्टी वाजू लागली. 2016 साली रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा सिनेमाही काढला.

आता मंडईतला तो म्हणत होता, "पहिले लग्नसराईत सवड नसे. आता सारे डीजेच लावतात."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात सातवी-आठवीतली एक मुलगी कळ दाबून पाहायला वाकली. सोबतच्या आजीनं हात ओढला, "पोरीबाळीचं काम नोहे ते." बेंजोवाला म्हणाला, "दाबू दे माय, मोडत नाही." त्यानं तार छेडली, मुलीनं कळा दाबल्या. चार-पाच सूर निघाले आणि तिचं तोंड असं फुललं की आजीही हसली.

आजीचं बोलणं माझ्या मनात राहिलं. कारण जपानमध्ये आज हे वाद्य कितीतरी बायका वाजवतात, त्यातही वयस्क बायका. घरकाम आटोपून एकत्र जमतात आणि दहा-पंधरा जणी मिळून एकच गाणं वाजवतात. आपल्याकडे मात्र ते वरातीच्या गाडीवर चढलं आणि पुरुषांचं होऊन बसलं. खरं तर ते मांडीवर मावतं, कपाटात राहतं. आपल्या भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या बायका आहेत, टाळ-मृदंग धरणाऱ्या आहेत. त्यांना बेंजो काय जड आहे?

म्हणून एक सुचवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. घरोघरी प्लास्टिकचे डबे साचले आहेत. यंदा तेच पैसे एकत्र करून मंडळासाठी एक बेंजो घेऊ. शिकवायला त्या भाऊंनाच बोलावू आणि महिन्याचे पैसे ठरवून देऊ. त्यांची कला राहील, चूलही पेटेल. पत्ता मी लिहून घेतला आहे. आणि पहिल्या दिवशी आपापल्या लेकी-नातींना सोबत आणा.