रक्तातील रक्षक आणि सांध्यांचा दाह
(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभातील भाषणाचा सारांश)



मुळशीच्या खाचरांत भाताची लावणी आजही बहुतांशी हातांनीच होते. रोप धरणारी बोटे सुजली, की त्या घराचा खरीपच अडतो. म्हणून आज ऱ्हुमॅटॉइड संधिवाताविषयी बोलावे असे वाटले.

हा विकार केवळ शहरांचा नव्हे. आपल्याच जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर पाहणी सुरू केली. तीत प्रौढांपैकी सुमारे अर्धा टक्का लोकांना हा विकार असल्याचे आढळले. म्हणजे हजार प्रौढांमागे पाच. त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असते.

याचे मूळ हाडांच्या झिजेत नसून रक्तातील पांढऱ्या पेशींच्या वर्तनात आहे. जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी स्वतःच्याच शरीरातील प्रथिनांना परके मानू लागतात. त्यांच्या चिथावणीने बी पेशी प्रतिपिंडे निर्माण करतात. ही प्रतिपिंडे कित्येकदा सांधा दुखू लागण्यापूर्वी काही वर्षे रक्तात आढळतात. 'अँटी-सीसीपी' ही चाचणी त्यांचाच शोध घेते. मोनोसाइट नावाच्या पेशी रक्तातून सांध्याच्या अस्तरात शिरून दाह वाढवणारी द्रव्ये स्रवतात. त्यांच्यापैकी काहींचे रूपांतर हाड पोखरणाऱ्या पेशींत होते. पोखरलेले हाड पूर्ववत होत नाही.

निसर्गाने या सैन्याला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशीही दिल्या आहेत. १९९५ साली त्यांचा वेध घेणारे जपानचे शिमोन साकागुची यांना मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या ज्ञानातून उद्या नवे उपचार येतील. परंतु आजही हाती असलेले उपचार परिणामकारक आहेत.

मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध फार महाग नाही. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. गरोदरपणात ते वर्ज्य आहे. त्यासोबत रक्तपेशी व यकृत यांची नियमित तपासणी अनिवार्य ठरते. काहींना टीएनएफ हे दाहक द्रव्य रोखणारी महागडी इंजेक्शने लागतात. हेच द्रव्य शरीरातील सुप्त क्षयरोगाला कोंडून ठेवीत असल्याने, आपल्या देशात ती देण्यापूर्वी क्षयाची तपासणी अगत्याची असते.

आप्तजनांना विनंती अशी, की दोन्ही हातांची लहान सांधी सुजत असतील, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडत असतील आणि असे सहा आठवडे चालले असेल, तर केवळ वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढू नयेत. पहिल्या काही महिन्यांतील उपचार सांधे वाचवू शकतात.

देणगीदारांना सांगावेसे वाटते, की दुर्गम वाडीतील स्त्रीला गोळीपेक्षा पुन्हापुन्हा करावी लागणारी तपासणी, त्यासाठीचे एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी अधिक जड जाते. उपचार तेथेच खंडित होतात. आपले साहाय्य त्या नेमक्या जागी पोहोचावे. मोठ्या यंत्राइतके ते डोळ्यांत भरणार नाही; पण त्यातून वाचलेले हात पुढील आषाढात लावणीला उतरतील.