रस्त्याचा सातबारा

पावसाळा तोंडावर आलाय. सध्या गल्लोगल्ली जे डांबर पडतंय, त्याचा निकाल जुलैत लागेल. तोवर थोडं बोलून घेऊ.

‘पाऊसच एवढा पडला, तर रस्ता काय करणार?’ हे उत्तर आपण किती वर्षं ऐकतोय! पाऊस आपल्याकडे नवा नाही. डांबराला पडणाऱ्या पाण्यापेक्षा साचलेलं पाणी जास्त मारतं. ते खडी आणि डांबराची पकड सोडवतं, भेगेतून खालच्या थरात उतरतं. वरून भरलेला ट्रक गेला की त्या पाण्यावर दाब येतो आणि ते बारीक खडी-माती घेऊन उसळतं. पोकळी आत होते, वरचा थर नंतर खचतो. मग गणपतीच्या आधी भर पावसात कोणीतरी खडी-मुरूम टाकतो. चार दिवसांत ती खडी रस्ताभर पसरते आणि दुचाकीवाला तिच्यावरून घसरतो. म्हणून मी डांबराआधी गटार बघतो.

आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातच बघा. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये गावाला नाव मिळालं; आपण अजून ‘कॅम्प नंबर चार’ असंच म्हणतो. २०११ च्या जनगणनेत साधारण १३ चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांवर माणसं होती. बराकींच्या काळात आखलेल्या गल्ल्यांत आता टेम्पो, रिक्षा, दुकानांचे ओटे आणि ओट्यांखाली बुजलेली गटारं. पाणी जाणार कुठे? रस्त्यावरच थांबणार. बदलापूरचं दुखणं वेगळं. २००१ ला लाखाच्या आत असलेलं शहर दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. नवी इमारत, नवी जलवाहिनी, नवा चर. चर बुजवताना माती थरांनी दाबत नाहीत, वरून ढीग रचतात. पहिल्या पावसात तो बसतो.

अंबरनाथमध्ये रस्त्यावर बोलताना १०६० सालच्या शिवमंदिराचा दाखला देऊन टाळ्या घ्यायचा मोह होतो. पण ती तुलना अन्यायाची आहे. मंदिरावरून औद्योगिक वसाहतीचे टँकर जात नाहीत.

खरी गोम मालकीत आहे. या पट्ट्यात एक महापालिका, दोन नगरपरिषदा. शिवाय सार्वजनिक बांधकाम विभाग, एमआयडीसी, एमएमआरडीए. कल्याणहून बदलापूरला जाताना हद्द कुठे बदलली ते आपल्याला दिसत नाही, तक्रार घेऊन गेलं की मात्र लगेच कळतं. प्रत्येक टेबलावर एकच वाक्य : ‘हा रस्ता आमच्याकडे नाही.’ शेताच्या बांधावरून भांडणारे दोघेही जमीन आपलीच म्हणतात. इथे उलटं चाललंय.

या टोलवाटोलवीला न्यायालयाने चाप लावला आहे. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१३ मध्ये मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, त्याची जनहित याचिका झाली. सुस्थितीतला रस्ता हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते आणखी पुढे गेलं : खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायची. खड्ड्याची माहिती मिळाल्यावर ४८ तासांत तो बुजवायचा. भरपाई ठरवणाऱ्या समितीत महापालिकेत आयुक्त, नगरपरिषदेत मुख्याधिकारी; सोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव.

माणूस गेल्यावर सहा लाख हा न्याय नव्हे, हे मलाही कळतं. पण खिशाला झळ लागल्याशिवाय आपल्याकडे फाईल हलत नाही.

तेव्हा पाऊस सुरू व्हायच्या आत एक करा. आपल्या सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या : आमच्यासमोरचा रस्ता कोणाच्या ताब्यात, ठेकेदार कोण, दोष दायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत) कधी संपतो? उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. आणि खड्डा दिसला की तक्रार तोंडी करू नका. तारखेसह लेखी द्या, पोच घ्या. ४८ तास त्या पोचेपासून मोजता येतील.