रोज एक लहान चित्र
(वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमातील भाषण)



आमच्यासारख्या ब्रशवाल्यांना माईकसमोर उभे करणे हे मंडळाचे धाडसच म्हणावे लागेल. आम्ही चौघे. तिघांनी दुकानांच्या पाट्या आणि जयंतीचे कापडी फलक रंगवण्यात उमेदीची वर्षे घातली, चौथे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. १४ एप्रिल जवळ आला की आठ-आठ रात्री झोप नसे. लहान फोटोवर पेन्सिलीने चौकटी पाडायच्या, तितक्याच चौकटी दहा फुटी कापडावर खडूने पाडायच्या आणि बाबासाहेबांचा चष्मा, कोट, हातातले संविधान एकेक चौकट करत मोठे करायचे. पुढे फ्लेक्स आला. फलक झटपट छापून मिळू लागला, शिवाय स्वस्तात. त्यात लोकांचा काही दोष नाही. पण आमचे ब्रश डब्यात वाळून काड्यांसारखे झाले आणि हातही तसेच झाले.

२०२१ साली मंडळाने सुचवले की, विहारासाठी सारनाथच्या प्रथम प्रवचनाचे चित्र काढा. सहा बाय चार फुटांचा कॅनव्हास आला. त्यावर धूळ बसू नये म्हणून चादर टाकली, ती वर्षभर निघाली नाही. कोणी विचारले की आम्ही म्हणायचो, वेळ मिळत नाही. ते खरे नव्हते. टीव्हीसमोर बसायला वेळ मिळत होता. खरी होती ती भीती. पंधरा वर्षांनी हात लावायचा, आणि तोही तथागतांच्या चेहऱ्याला! बिघडला तर रोज वंदनेला येणारी माणसे तो चेहरा बघणार.

त्या वेळी विहारातील वाचनात सोण भिक्खूंची गोष्ट आली. ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. चंक्रमण करून करून त्यांचे पाय रक्ताळले, तरी मन लागेना. तेव्हा भगवंतांनी त्यांना वीणेच्या तारेविषयी विचारले. तार फार ताणली तरी वाजत नाही आणि ढिली सोडली तरी वाजत नाही. गोष्ट ऐकताना आम्हा चौघांचेही डोळे त्या चादरीकडे गेले.

मग १३ जुलै २०२२ ला, आषाढी पौर्णिमेला, आम्ही एक गोष्ट ठरवली. २२ बाय ३० इंचांच्या ड्रॉइंग शीटचे साडेपाच बाय पावणेचार इंचांचे ३२ तुकडे होतात. तीन शीटांचे ९६. आश्विन पौर्णिमेपर्यंत दिवस ८९. म्हणजे एकेकाला सात कागद वाया घालवायची मोकळीक! सायंकाळच्या वंदनेनंतर पाव तास बसायचे, समोर जी वस्तू असेल ती काढायची. खोडरबर नाही. मागे तारीख लिहायची आणि कागद डब्यात टाकायचा. कोणाला दाखवायचा नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन काढून भरपाई करायची नाही. हे शेवटचे आमच्या मास्तरांनी सुचवले, आणि तेच सर्वांत उपयोगी पडले. थकबाकी साचली की माणूस पुन्हा दुकान बंद करतो.

पहिल्या दिवशी चहाचा कप काढला. कपाच्या तोंडाचे लंबवर्तुळ जन्मभर पाट्या रंगवलेल्या माणसाला जमू नये? बटाट्यासारखे झाले. पण कागदच एवढासा, त्याचे दुःख ते किती करणार! दुसऱ्या दिवशी लिंबू, मग चप्पल, कुलूप, पावसाने भिजलेली छत्री. तिसऱ्या आठवड्यात रेघ थोडी मोकळी झाली. विशेष म्हणजे वस्तू दिसू लागल्या. घरातल्या तांब्याला कमरेपाशी पोचा आहे हे एकाला वीस वर्षांत प्रथमच कळले.

आमच्यापैकी एकाची आई त्या पावसाळ्यात दवाखान्यात होती. तो खिशात कागद घेऊन जाई. सलाईनची बाटली, स्टीलचा पेला, चादरीवर पडलेला आईचा हात, असे अकरा कागद झाले. बाराव्या दिवशी आई गेली. पुढचे नऊ दिवस त्याने काही काढले नाही, आम्हीही विचारले नाही. दहाव्या दिवशी तो येऊन बसला आणि त्याने आईचा अडकित्ता काढला.

विद्यार्थ्यांना एक सांगायचे आहे. तुमच्यातील पुष्कळ जण एलिमेंटरी, इंटरमिजिएट देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा घाम गाळून सराव करतात, दहावीला वाढीव गुण घेतात आणि रंगपेटी माळ्यावर टाकतात. गुण घ्या, जरूर घ्या. पण पेटी खाली काढा. बाबासाहेबांनीही कामाचा डोंगर समोर असताना उतारवयात चित्रकला आणि व्हायोलिन शिकायला घेतले. ते काही परीक्षेसाठी नव्हते.

अजिंठ्याला गेलात तर पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बघून लगेच बाहेर पडू नका. मान वर करा. छताचे लहान लहान चौकोन पाडले आहेत. एकात कमळ, एकात फळे, एकात हत्ती. भुसा आणि तंतू घातलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन कोणीतरी मान मोडेपर्यंत ते रंगवले. बोधिसत्त्वाच्या बोटांत जो सहजपणा आहे, तो अशा चौकोनांतूनच हाताला आला असावा, असे आमचे मत आहे. पंडितांचे वेगळे असेल.

तर त्या मोठ्या चित्राचे काय झाले, हे मंडळाचे सचिव विचारणारच. धम्मचक्र मुद्रेतले नुसते हात आम्ही लहान कागदांवर चाळीसेक वेळा काढले आहेत. त्यांतले पाच-सहा बरे आहेत. गेल्या रविवारी चादर काढली आणि कोळशाने चौकटी पाडल्या. चेहऱ्याची जागा अजून कोरी आहे.

दाराजवळच्या टेबलावर कापलेले कागद ठेवले आहेत. जाताना मुलांनी दहा-दहा न्यावेत. पेन्सिली मात्र आपापल्या आणा. एवढे बोलून आम्ही रजा घेतो. जयभीम!