कलकत्त्याहून पारामारिबोला



सानपाडा मूळचा आगरी-कोळ्यांचा. १९७० साली सिडको स्थापन झाली, खाडीकाठची भातखाचरे आणि मिठागरे संपादनात गेली, त्यावर नवी मुंबई उभी राहिली. शेजारी तुर्भ्याच्या बाजारात साताऱ्याकडची माणसे माथाडी म्हणून आली. गाव सुटल्यावर बोलीचे काय होते, हा प्रश्न इथे घरोघरचा आहे. सानपाड्यातल्या यंदाच्या संमेलनासाठी स्वागत समितीने सुरिनाम निवडला तो म्हणूनच.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा हा देश महाराष्ट्राच्या निम्म्याहून किंचित मोठा. वस्ती मात्र जेमतेम सहा लाखांच्या घरात. नव्वद टक्क्यांहून अधिक भूमी जंगलाखाली. राजधानी पारामारिबो, राजभाषा डच.

डचांनी १८६३ मध्ये या आपल्या वसाहतीतली गुलामगिरी कायद्याने संपवली, पण मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षे मळ्यांवर राबवले. ती मुदत सरली त्याच वर्षी, ५ जून १८७३ रोजी, कलकत्त्याहून निघालेले ‘लल्ला रूख’ जहाज तिथे लागले. १९१६ पर्यंत चौतीस हजारांवर माणसे पाच-पाच वर्षांच्या करारावर गेली, बहुतेक भोजपूर-अवधकडची. अरकाटी, म्हणजे मजूर भरती करणारे दलाल, त्यांना ‘श्रीरामाच्या देशाला’ नेतो म्हणत, अशी आठवण तिथे सांगतात. सुरिनाम आणि श्रीराम! भोळ्या माणसाला फसवायला एवढे नामसाधर्म्य पुरले असेल, हे आजही जिवाला लागते.

जहाजावर जोडलेली नाती ‘जहाजी भाई’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. भोजपुरी, अवधी, मगही एकमेकींत मिसळल्या, त्यांत डच आणि तिथल्या स्रनन भाषेचे शब्द आले आणि ‘सरनामी’ तयार झाली. जीत नराइन यांनी तिच्यात कविता लिहिली. १९७५ च्या स्वातंत्र्याच्या आगेमागे हजारो कुटुंबे हॉलंडला गेली, म्हणजे दुसऱ्यांदा घर सुटले. तरी हेगच्या गल्ल्यांत सरनामी ऐकू येते.

सुरिनामशी जोडणारा महाराष्ट्राचा धागाही आहे. त्याच १९७५ च्या जानेवारीत पहिले विश्व हिंदी संमेलन नागपुरात भरले. मराठी मातृभाषेचे हिंदी कादंबरीकार अनंत गोपाळ शेवडे यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. सातवे संमेलन २००३ मध्ये थेट पारामारिबोत झाले.

त्या शहरात काइझर रस्त्यावर मशीद आणि ज्यूंचे प्रार्थनामंदिर एकमेकांना खेटून उभे आहेत. त्याची छायाचित्रे दाराशी लावली आहेत, आवर्जून पाहावीत. दुपारच्या पानात उडदाचे वडे आहेत. तिकडे त्यांना ‘बारा’ म्हणतात आणि चटणीबरोबर खातात. गरम आहेत तोवर घ्यावेत, ही समितीची विनंती.